मदत हवी आहे: ऑडी ए४ चं ऑइल घरीच बदललं, आता पातळी बघायला पट्टीच नाही!

शेंद्रेवाला

नमस्कार मंडळी. आधी गाडीची कुंडली देतो. ऑडी ए४, २.० टीडीआय, १४३ हॉर्सपॉवरवाली, २०१३ चं मॉडेल. मी तिसरा मालक. ८६,००० किमी झालेत, वॉरंटी कधीच संपली. गाडी जोडलीय आमच्याच छत्रपती संभाजीनगरच्या (म्हणजे आधीच्या औरंगाबादच्या) शेंद्रा एमआयडीसीत, म्हणजे माहेरवाशीणच म्हणा. (२०१० मध्ये एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेणारं शहर ते हेच. पण ती माणसं वेगळी. मी नव्या स्विफ्टच्या पैशात जुनी ऑडी घेणाऱ्यांतला.)

एका वर्कशॉपनं ऑइल, फिल्टर आणि 'जनरल चेकअप' मिळून १८,००० सांगितले. आधीच्या वॅगन आरचं ऑइल मी बारा वर्षं घरीच बदलत होतो, म्हणून म्हटलं हिचं असं काय वेगळं असणार. वेगळं निघालं.

काल सकाळी गाडी दहा मिनिटं फिरवून ऑइल कोमट केलं. पुढची चाकं रॅम्पवर घेतली, मागच्या चाकांमागे दगड लावले. खालचं प्लास्टिक काढण्यातच पाऊण तास गेला, त्यातले दोन स्क्रू आधीच्या कुणीतरी घासून ठेवलेले. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट एकोणीसच्या पान्यानं सुटला. ऑइल निथळू दिलं, मापाच्या डब्यात मोजलं तर ४.१ लिटर. बोल्ट परत लावला, तोच जुना. मग वर येऊन ३२ ची गोटी लावून फिल्टरचं झाकण उघडलं आणि आतून गटगट आवाज. फिल्टरच्या घरात साठलेलं काळं ऑइल डोळ्यांदेखत खाली चेंबरमध्ये गेलं. बोल्ट तर मी आधीच बंद केलेला!

आधीच्या मालकाच्या बिलावर ४.७ लिटर लिहिलंय, म्हणून तेवढं नवीन ऑइल टाकलं. आता डोकं चालत नाहीये. जुनं थोडं आत राहिलं, वर ४.७ नवीन. म्हणजे जास्त झालं ना? बघायला जावं तर या गाडीला ऑइलची पट्टीच नाही. पट्टीच्या जागी नुसतं बूच. स्क्रीनवर पातळी दिसते म्हणतात, पण तिथं गेलो तर सध्या माहिती उपलब्ध नाही असा संदेश येतोय. सेन्सर बिघडवला की काय मी? नेटवर बघितलं तर कुणी साडेचार लिटर म्हणतो, कुणी पाच.

गाडी अजून पार्किंगमध्येच उभी आहे. सोमवारी ऑफिसला न्यावी की नको?

---

गोटीपाना

आधी दोन गोष्टी सांगा. इंजिन सुरू केलं होतं का, आणि लाल तेलाचा दिवा किती वेळात गेला? दुसरं, ऑइल काढायच्या आधी स्क्रीनवर पातळी बघितली होती का?

---

शेंद्रेवाला

सुरू केलं, मिनिटभर. दिवा दोन-तीन सेकंदांत गेला. रेस अजिबात दिली नाही, टर्बोची भीती होती. आणि हो, परवा पातळी बघितली होती, फोटोही आहे. स्क्रीनवरचा पातळीचा पट्टा बरोब्बर मधोमध होता.

---

गोटीपाना

मग निम्मं काम झालंच. सेन्सरला काही झालेलं नाही. तुम्ही बॉनेट उघडलंत, आणि बॉनेटला स्विच असतो. तो उघडला की गाडी समजते, कुणीतरी ऑइलशी खेळलंय, आता जुना हिशोब धरायचा नाही. बॉनेट नीट बंद करून थोडं अंतर चालवलं, इंजिन पुरतं तापलं, मग सपाट जागी उभी करून बघितलं की आकडा परत येतो. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या शंभरदा बघितलंत तरी काही दिसणार नाही.

आता ते गटगट. झाकण सैल केल्यावर फिल्टरच्या घरातलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, तशी रचनाच आहे. म्हणून आधी वरचं झाकण सैल करायचं, मग खालचा बोल्ट काढायचा. तुमचा क्रम उलटा झाला. पण त्यानं पातळीचा हिशोब बिघडत नाही, कसं ते बघा.

जे ऑइल फिल्टरमधून खाली आलं ते काल सकाळीही इंजिनातच होतं ना? बाहेरून आणून तर टाकलं नाही. बाहेर गेलं ४.१, आत आलं ४.७. फरक ०.६. आधी पट्टा मधोमध. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांना साधारण लिटरभराचं अंतर असतं, म्हणजे मधल्यापासून वरच्या खुणेपर्यंत अर्धा लिटर. त्या हिशोबानं तुम्ही वरच्या खुणेच्या जरासे पुढे. शिवाय जुना फिल्टर बाहेर काढलात तेव्हा तो ऑइल पिऊनच बाहेर आला असणार, ते ४.१ मध्ये मोजलंय का?

---

शेंद्रेवाला

नाही मोजलं! फिल्टर पिशवीत टाकला होता. आत्ता उघडून बघितलं, पिशवीच्या तळाला बरंच साठलंय. अंदाजे शंभर मिली.

---

गोटीपाना

मग तुम्ही वरच्या खुणेवर किंवा तिच्या आसपास. काही काढू नका, काही घालू नका. पण नेटवरचे आकडे विसरा. एकाच नावाच्या इंजिनाचे वेगवेगळ्या गाड्यांत चेंबर वेगळे असतात, आडवं बसवलेलं वेगळं, उभं बसवलेलं वेगळं. स्कोडा सुपर्बचा आकडा ऑडीला लागू होईलच असं नाही. जेवढं बाहेर आलं ते मोजायचं, त्याहून थोडं कमी घालायचं, मग बघून वाढवायचं. कमी पडलेलं घालता येतं, जास्त झालेलं काढायला आणखी एक रविवार जातो.

---

वंगणवेडा

मध्येच बोलतो, क्षमस्व. ऑइल कुठलं घातलंत? डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय एवढं पुरत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात व्हीडब्ल्यू ५०७ ०० असं आहे का?

हे विचारतोय कारण ५डब्ल्यू-३० हा नुसता दाटपणा झाला. ५०७ ०० चं ऑइल कमी राखेचं असतं. ऑइलचा काही भाग सिलिंडरमध्ये जळतोच. जळल्यावर त्यातल्या धातूंच्या क्षारांची राख उरते आणि ती सायलेन्सरकडच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, अडकते. काजळी डीपीएफ स्वतः तापून जाळून टाकतं, राख मात्र जळत नाही, ती तिथंच बसते. पेट्रोल गाडीसाठीचं ५०२ ०० किंवा जुन्या डिझेलचं ५०५ ०० घातलं तर आज काहीच कळणार नाही, दोन-तीन वर्षांनी डीपीएफ सांगेल.

आणि पातळीबद्दल एक. गाडी रोज पाच-सहा किमीच चालत असेल तर डीपीएफ साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. ते अर्धवट राहिलं की थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीत ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं! वरच्या खुणेला टेकवून भरू नका म्हणतात, त्याचं एक कारण हे.

---

शेंद्रेवाला

हुश्श. डबा बघितला, ५०४ ०० / ५०७ ०० दोन्ही लिहिलंय. दुकानदारानं आधी दुसरंच पुढे केलं होतं, 'साहेब, महागातलं आहे' म्हणून. मी हँडबुक सोबत नेलं होतं म्हणून वाचलो.

---

काळाधूर

तुमच्या गाडीत ईए१८९ इंजिन ना? धुराच्या चाचणीला फसवणाऱ्या सॉफ्टवेअरपायी डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहानं भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात ऑडीही होत्या. आधीच्या मालकानं ते सॉफ्टवेअरचं काम करून घेतलं का, विचारून घ्या.

---

गोटीपाना

काळाधूर, वेगळा धागा काढा ना त्यासाठी. इथं माणूस पट्टी शोधतोय.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इकडे मजुरीच एवढी की अर्धी सोसायटी रविवारी गाडीखाली असते. जुन्या ऑइलचं काय केलंत? इकडे ऑटो पार्ट्सची मोठी दुकानं ते फुकट घेतात, आपण डबा नेऊन द्यायचा. तिकडे काय करतात आता? आमच्या लहानपणी गावाला गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासायचे, आजोबा गॅरेजवाल्याकडून मागून आणायचे.

---

वंगणवेडा

एडिसनकर, अजूनही फासतात. सेंट्रिंगच्या फळ्यांनाही लावतात. पण वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांतही ते आहे. गटारात किंवा मातीत अजिबात ओतू नका. जिथं पिंपात साठवून रिसायकलिंगवाल्याला देतात असं मोठं गॅरेज शोधा, तिथं चार-पाच लिटरला कुणी नाही म्हणत नाही. डबा मात्र झाकणाचा न्या. मी एकदा पाण्याच्या बाटल्यांत नेलं होतं, स्कूटरवरून. पुढचं विचारू नका.

---

शेंद्रेवाला

मंडळी, बातमी. काल संध्याकाळी वेरूळपर्यंत जाऊन आलो. जाताना जीव मुठीत, खुलताबादच्या घाटात डोळा रस्त्यावर कमी आणि दिव्यांवर जास्त. येऊन सपाट जागी उभी केली, पाच मिनिटांनी बघितलं तर पट्टा आला! वरच्या टोकाच्या एक घर खाली. गोटीपाना, तुमचे पाय धरतो.

पण आज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, त्यावर दोन थेंब. बोल्टच्याच खाली. आणखी आवळू का?

---

गोटीपाना

थांबा!! आवळू नका. तुम्ही जुनाच बोल्ट परत लावलात असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तेव्हाच मला बोलायला हवं होतं. या गाड्यांचा बोल्ट वायसरसकट येतो, वायसर त्यातून वेगळं निघत नाही. एकदा दाबलं गेलं की ते परत तसं बसत नाही, म्हणून दर वेळी बोल्टच नवा. गळतंय म्हणून जोर लावत गेलात तर चेंबरचे आटे जातील, आणि मग ते १८,००० तुम्हाला स्वस्त वाटतील. माझ्या मेहुण्यानं हे करून दाखवलंय.

नवा बोल्ट आणा. चासी नंबर सांगून मागा, 'ए४ चा बोल्ट द्या' म्हणू नका. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर झाला की 'टक' वाजणारा, कुणाकडून तरी उसना घ्या, बोल्ट ३० न्यूटन-मीटर, वरचं प्लास्टिकचं झाकण २५. झाकणाची ओ-रिंग नवी घातलीत ना, तिला ऑइलचं बोट लावून? फिल्टरच्या खोक्यातच मिळते ती.

तोवर गाडी वापरायला हरकत नाही, रोज पुठ्ठा बघा. पिवळा दिवा आला तर पातळी कमी झालीय, बघून भरा. लाल आला तर जिथं असाल तिथं इंजिन बंद. लाल म्हणजे दाब गेला, तिथून घरापर्यंतही चालवायची नाही.

---

शेंद्रेवाला

ओ-रिंग नवी घातली, ते एक तरी बरोबर केलं. बोल्ट बदलायचा म्हणजे सगळं नवीन ऑइल परत काढायचं? साडेचार हजारांचं ऑइल आहे हो.

---

गोटीपाना

काढा आणि तेच परत घाला. घमेलं मात्र नवं आणा, कोरडं आणि स्वच्छ. मागच्या वेळी तुम्ही वापरलं ते नको. वरून झाकायला सुती कापड, धूळ पडायला नको. साठ-सत्तर किमी चाललेल्या ऑइलला काही होत नाही. काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑइल पहिल्याच फेरीत काळं पडतं. हात जपा, वेरूळहून आल्या आल्या बोल्ट काढायला जाऊ नका, पोळेल. अर्धा तास जाऊ द्या.

आणि या वेळी क्रम लक्षात ठेवा. आधी वरचं झाकण सैल.

---

शेंद्रेवाला

रविवारचा अहवाल. बोल्ट मिळाला, ऑइलच्या मानानं फुटकळ किंमत. शेजारच्या एमआयडीसीतल्या मित्रानं टॉर्क पाना दिला, परत करताना चहाची अट.

नवं घमेलं आणायला विसरलो. आईकडे पुरणाचं मोठं पातेलं मागितलं, तिनं ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर सरळ बाजारात गेलो. मग झाकण आधी सैल, बोल्ट नंतर, वीस मिनिटं निथळू दिलं. मोजलं तर ४.८ लिटर. म्हणजे मागच्या वेळी आत राहिलेल्यातलंही थोडं आलं. नवा बोल्ट, पाना 'टक' वाजला की थांबलो. आणखी पाव फेरा मारायला हात शिवशिवत होता, नाही मारला. तेच ४.८ परत ओतलं. तासाभरानं पुठ्ठा बघितला, कोरडा.

४.८ हा आकडा फिल्टरच्या खोक्यावर लिहून कपाटात ठेवलाय, तारीख आणि किलोमीटरसकट. माझ्या गाडीचा आकडा आहे, कुणी आपल्या गाडीला लावू नका. स्क्रीनवरच्या सर्व्हिसच्या मेनूतून ऑइल बदलल्याची नोंदही करून टाकली, त्याला वेगळं यंत्र लागलं नाही.

आणि हो, परत बॉनेट उघडलं म्हणून पट्टा पुन्हा रुसलाय. संध्याकाळी परत वेरूळ. या वेळी आई म्हणतेय, मीही येते, घृष्णेश्वराचं दर्शन होईल.