शांतता महिन्यात रॅली सोडून काय करता येईल? (दोन शाळा, इंटरॅक्ट क्लब, सोलापूर)

सल्लागार_शिक्षिका

नमस्कार. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंटरॅक्ट क्लब (रोटरीचा शाळकरी मुलांसाठीचा क्लब) आहे. आठवी-नववीची २८ मुलंमुली सदस्य आहेत. रोटरीच्या वर्षात फेब्रुवारी हा शांततेचा महिना, म्हणून आमच्या प्रायोजक रोटरी क्लबने उपक्रम करायला सांगितलंय. शाळेत सध्या ठरत आलंय ते असं: चार हुतात्मा पुतळ्यांपासून रॅली, घोषणा, पांढरे फुगे, पाहुण्यांचं भाषण. दोन तासांत सगळं आटोपेल आणि मुलांना त्यातून काय मिळेल ते मला तरी दिसत नाही.

जवळची उर्दू माध्यमाची शाळा बरोबर यायला तयार आहे, तिथूनही २८ मुलं मिळतील. बजेट १५ हजार. दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून करावं असं टिकाऊ काम कुणी सुचवेल का? आणि दुसरी अडचण: क्लबचं सगळं काम दोनच मुली ओढतात, बाकीचे हजेरीपुरते. तेही कसं बदलायचं?

पार्क_चौक

मॅडम, फुगे आधी रद्द करा. ते फुटून रबराचे तुकडे आणि दोरे कुणाच्या तरी शेतात नाहीतर तलावात पडतात. रॅलीत मुलं शाळेनुसार रांगेत चालतात, घोषणा देतात आणि आपापल्या बसने परत जातात. एकमेकांचं नावही कळत नाही. चित्रकला किंवा घोषवाक्य स्पर्धा तर आणखी वाईट, कारण त्यात दोन शाळा आमनेसामने येतात.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गट नुसते भेटल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी चार गोष्टी लागतात: दोघांचा दर्जा समान, ध्येय एकच, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्या माणसांचा उघड पाठिंबा. तुमच्या उपक्रमाला हीच फूटपट्टी लावा.

माझी सूचना पाणपोईची. १५ मार्च ते १५ मे, दोन्ही शाळांच्या मधल्या वर्दळीच्या रस्त्यावर. सोलापूरचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. हमाल, रिक्षावाले, विडी पोचवायला निघालेल्या बायका, सगळ्यांनाच पाणी लागतं. पण पाणपोया उद्घाटनाच्या पंधरवड्यातच कोरड्या पडतात, कारण रोज भरणार कोण हे ठरलेलं नसतं. तुमचा उपक्रम नेमका तिथूनच सुरू होतो.

हिशेब बघा. २८ अधिक २८ म्हणजे ५६ मुलं. चौघांचा एक गट, प्रत्येक शाळेचे दोन-दोन. गट झाले १४. दिवसाला दोन पाळ्या, सकाळी ७ ते ७:४५ आणि संध्याकाळी ४ ते ४:४५, म्हणजे आठवड्याच्या पाळ्याही १४. प्रत्येक गटाला आठवड्यातून एकच पाळी. दोन-दोनच ठेवा. तीन इकडचे आणि एक तिकडचा असा गट केला की तो एकटा गप्प बसतो आणि आठ दिवसांनी यायचा बंद होतो. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, म्हणजे मैत्रिणी-मैत्रिणींचे गट होणार नाहीत. मुलींच्या पालकांची अट असेल तर मुलींच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा, शाळा मात्र मिसळलेल्याच राहू द्या.

सामान: ४० लिटरचे चार रांजण, कुंभाराकडून तोटी बसवूनच घ्या. तोटी तळापासून दोन-तीन इंच वर हवी, म्हणजे गाळ खाली राहतो. ओगराळं ठेवूच नका, सगळ्यांचे हात पाण्यात जातात. रांजण साबणाने धुवायचा नाही, माती वास धरून ठेवते. काथ्याने घासून दोनदा खळबळून काढायचा, आठवड्यातून दोनदा. खाली वाळू, बाजूने ओलं गोणपाट, वर हिरवी जाळी. प्लास्टिकचे ग्लास नकोत, साखळीला बांधलेले स्टीलचे पेले आणि ते विसळायला वेगळी बादली. २५० मिलीचा पेला धरला तर एका रांजणात १६० पेले, चार रांजणांत ६४०.

आता पाणी. जार विकत घ्यायचा विचार करू नका. चार रांजणांना रोज २० लिटरचे आठ जार लागतील. जारला ३० रुपये धरले तरी दिवसाला २४० आणि ६० दिवसांत १४,४००. सगळं बजेट तिथेच संपेल. पाणी शाळांच्या टाकीतून घ्या, एक दिवस तुमच्या, एक दिवस त्यांच्या. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे टाकी कोरडी असेल त्या दिवसापुरते जार, त्यासाठी २ हजार बाजूला ठेवा. भरल्यावर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने आणि अर्धा तास कुणालाही पाणी द्यायचं नाही. म्हणून सकाळची पाळी सातलाच सुरू व्हायला हवी, पावणेआठला नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: आज ज्या शाळेचं पाणी, त्या दिवशी क्लोरीन आणि नोंदवही दुसऱ्या शाळेच्या मुलांकडे. एकाशिवाय दुसऱ्याचं काम अडलं पाहिजे. मग फोन नंबर आपोआप दिले-घेतले जातात, उशीर झाला तर हक्काने रागावलं जातं. तुम्हाला हवंय ते हेच.

साखर_पेठकर

पाणपोईला माझा दुजोरा. फक्त दोन ठिकाणी घसराल, ती आधीच सांगतो.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असतात. त्या आठ-दहा दिवसांच्या पाळ्या प्रायोजक क्लबच्या सदस्यांकडून आणि पालकांकडून आत्ताच लिहून घ्या, नावानिशी. 'बघू तेव्हा' म्हणालात की रांजण कोरडे पडलेच म्हणून समजा. मे लागला की निम्मी मुलं गावाला जातात, तेव्हा १४ ऐवजी सात गट करून संध्याकाळची पाळी बंद ठेवा.

दुसरं, सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. पाळ्या लावण्याआधी तारखा बघा. रोजे असणाऱ्या मुलांना दुपारचं उन्हातलं काम नको, शुक्रवारी दुपारी बैठक नको. तसंच संकष्टी, श्रावण, घरचं लग्न, हे सगळं दोन्ही बाजूंनी एकाच तक्त्यावर लिहा. तो तक्ता मुलांनीच एकत्र बसून भरावा. एकमेकांच्या घरात काय चालतं हे कळायला भाषणापेक्षा तो तक्ता बरा.

आता 'दोनच मुली सगळं ओढतात' याबद्दल. दोष मुलांचा नसतो. जी मुलगी काम करते तिलाच आपण पुन्हा हाक मारतो, बाकीच्यांना सवयच लागत नाही. अध्यक्ष, सचिव ही पदं ठेवा, पण कामं त्यांच्या हातात ठेवू नका. पाणी, स्वच्छता, हिशेब, नोंद, निरोप अशी पाच कामं पाडा. प्रत्येकाला एक कप्तान आणि एक जोड-कप्तान, दोघे वेगवेगळ्या शाळेचे. तीन आठवड्यांनी कप्तान उतरतो, जोड-कप्तान वर चढतो, नवा जोड-कप्तान त्याच्या शाळेचा नसलेला. नऊ आठवड्यांत तीन फेऱ्या होतात आणि २० मुलांच्या हातून काही ना काही चालवून होतं. त्या दोघी मुलींना पहिल्या फेरीत कुठलंही काम देऊ नका. त्यांनी फक्त शिकवायचं. हे त्यांना अवघड जाईल, पण तुम्ही ठाम राहा.

'अध्यक्ष आमचा, उपाध्यक्ष त्यांचा' असं मात्र चुकूनही करू नका. दोन सहअध्यक्ष, बैठक एकदा इथे, एकदा तिथे. बैठक ४५ मिनिटांची, विषय फळ्यावर, शेवटची पाच मिनिटं 'कोण, काय, कधीपर्यंत' एवढंच लिहायला. सहअध्यक्षांनी मत सगळ्यात शेवटी द्यायचं, नाहीतर बाकीचे नुसती मान हलवतात.

रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं. तुमची नववीची मुलं जूनमध्ये दहावीत जातील आणि घरचे त्यांना क्लबमधून काढतील, हे गृहीत धरा. म्हणून शेवटच्या फेरीचे सगळे कप्तान आठवीतलेच हवेत.

होटगी_रोड

परवानगी आणि सुरक्षेबद्दल थोडक्यात. रस्त्यालगत पाणपोईला महापालिकेच्या विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, पोलीस ठाण्याला पत्राची प्रत द्या. प्रत्येक पालकाची सही असलेलं संमतिपत्र दोन्ही शाळांत हवं, मराठी आणि उर्दू दोन्हीत छापलेलं. पाळीला कायम दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. एकच मोठा माणूस आणि मुलं असं कधीही नको. ११२ (तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.

फोटोत टोपीवाला एक, फेटेवाला एक असं मुलांना उभं करू नका. पाहुण्यांना असा फोटो फार आवडतो, पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की इथे त्याची किंमत टोपीपुरती आहे. काम करतानाचे फोटो काढा, मुलांची नावं न टाकता.

आणि हे आजच ठरवून ठेवा: शहरात काही कारणाने तणाव झाला तर त्या दिवशी पाणपोई बंद. निर्णय दोन्ही मुख्याध्यापकांनी फोनवर एकत्र घ्यायचा आणि एकच मजकूर दोन्ही शाळांच्या पालकांना एकाच वेळी पाठवायचा. एका शाळेने आधी बंद केलं की 'त्यांना आधीच कळलं होतं' अशी अफवा लगेच उठते. मुलांना शांततेचं आवाहन करायला रस्त्यावर कदापि पाठवू नये. ते काम मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचं आणि पोलीस ठाण्याच्या शांतता समितीचं.

सल्लागार_शिक्षिका

खूप आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन शंका. फेब्रुवारीत मग काय दाखवू? पालक खाण्यापिण्याचं विचारतील, त्यांना काय सांगू? आणि पाळीवरून मुलांची भांडणं झाली तर?

सत्तर_फूट_रोड

मॅडम, फेब्रुवारी गट जुळवायला वापरा. चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. चौघांची नावं शेजारी-शेजारी ठेवली की तुमचा विषय मांडून झाला, वेगळ्या घोषणेची गरज नाही. १४ गटांना एकेक प्रश्न द्या: मार्शल लॉ कशामुळे लागला, खटला कसा चालला, पुतळे कुठे आहेत. तीन शनिवार वाचन, चौथ्या शनिवारी पुतळ्यांपाशी सकाळी आठला प्रत्येक गटाने तीन मिनिटं सांगायचं, दोन शाळांच्या दोन आवाजांत. रॅलीचा आग्रह असलेल्यांना हीच रॅली म्हणून दाखवा. पुढच्या वर्षी हे १२ जानेवारीलाच करू असं कुणी म्हणेल, पण तेव्हा सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी असते. बस मिळत नाही आणि बंदोबस्तामुळे परवानगीही अवघड होते.

इंटरॅक्ट क्लबला वर्षातून दोन उपक्रम अपेक्षित असतात, एक शाळा किंवा समाजासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा. दुसऱ्यासाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. परदेशातल्या एखाद्या इंटरॅक्ट क्लबला मुलांनी त्यांच्याबद्दल पाच मिनिटांचं चित्रीकरण पाठवावं आणि त्यांच्याकडच्या अशा माणसाची माहिती मागवावी.

लहान भावंडं असतील तर लायन्स क्लबची शांतता चित्र स्पर्धाही बघा. ती ११ ते १३ वयोगटासाठी असते, वय १५ नोव्हेंबरला मोजतात आणि संच लायन्स क्लबमार्फत आधी मागवावा लागतो. चित्रात कुठल्याही भाषेतलं अक्षर किंवा अंक चालत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार माध्यमांच्या आपल्या शहराला हा नियम फार सोयीचा. स्पर्धेबद्दल पार्क चौक यांचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून शाळा विरुद्ध शाळा असा निकाल मात्र लावू नका.

खाणं: सुरुवात एकत्र जेवणाने करू नका, कुणाला तरी संकोच वाटतोच. पहिले दोन महिने केळी, चिरमुरे, भाजक्या शेंगा. त्यावर कुठल्याच घरातून हरकत येत नाही. पुढे डबे मुलं स्वतःच उघडतात, तेव्हा मोठ्यांनी मध्ये पडू नये.

भांडणं होणारच, आणि ती दाबली तर ती 'आपली' आणि 'त्यांची' होतात. सहा मुलांना, तीन-तीन, मध्यस्थीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. पद्धत साधी आहे. प्रत्येक शाळेचा एक असे दोन मध्यस्थ बसतात. भांडणारा पहिला तीन मिनिटं बोलतो, कुणी मध्ये तोडायचं नाही. दुसऱ्याने त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, पहिला 'हो, असंच' म्हणेपर्यंत. मग उलट. त्यानंतरच विचारायचं की पुढच्या पाळीला काय वेगळं करायचं. ठरलेलं नोंदवहीत एका ओळीत, दोघांच्या सह्या, आठ दिवसांनी पुन्हा विचारणं. मुलं सगळ्यात जास्त घसरतात ती परत सांगण्यात, कारण सांगता-सांगता उत्तर देऊ लागतात. मध्यस्थाने तिथे थांबवून पुन्हा सांगायला लावायचं. मध्यस्थाने स्वतः निवाडा द्यायचा नाही, चूक कुणाची हेही विचारायचं नाही.

मारहाण, छेडछाड, जात-धर्मावरून शिवी, चोरी यातलं काहीही असेल तर मुलांच्या मध्यस्थीत आणू नका. ते त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे.

पार्क_चौक

एक राहिलं. उद्घाटन ठेवायचंच असेल तर ते पहिल्या दिवशी नको, तिसऱ्या आठवड्यानंतर ठेवा. तोवर पाळ्या बसलेल्या असतात आणि पाहुण्यांना माहिती कप्तान मुलंच देतील. दुसरं, तोटीचे दोन वायसर आणि एक जादा तोटी पहिल्याच दिवशी आणून ठेवा. तोटी गळायला लागली की रांजण संध्याकाळपर्यंत रिकामा होतो.

सल्लागार_शिक्षिका

रांजण आणि तोट्यांसाठी या शनिवारी कुंभार वेशीत चौकशी करते. पाळ्यांचा तक्ता मुलांनी भरला की इथे टाकेन, कुठे चुकतंय ते बघून सांगा.