फायनल रेकनिंग: विमानापेक्षा तो कारकूनच डोक्यातून जात नाही

सुदामानगरी (इंदूर)

कथानक फोडणार आहे. ज्यांना अजून बघायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.

'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग' मी लागला त्याच दिवशी पाहिला, 17 मे 2025 ला. अमेरिकेच्या आठवडाभर आधी आपल्याकडे आला म्हणून जावईबापू फुशारले होते, तिकिटंही त्यांनीच काढली. एम. जी. रोडवरचा मॉल, सकाळचा खेळ. पोहे-जलेबी खाऊन आत शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेलेली. पावणेतीन तासांहून मोठा सिनेमा, त्यात जाहिराती, त्यात मध्यंतर.

पहिला तास जड जातो, हे आधीच कबूल करतो. जो तो येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगतो की एका एआय राक्षसापायी जग बुडणार आणि गुप्तहेर ईथनच, म्हणजे टॉम क्रूझच, वाचवणार. मधेमधे जुन्या भागांचे तुकडे, जणू मास्तर परीक्षेआधी उजळणी घेताहेत. जावई अंधारात मोबाइल उघडून बसले होते.

मग तो डनलो आला आणि मी सावरून बसलो.

1996 चा पहिला भाग आठवतोय का? सीआयएच्या मुख्यालयातली ती पांढरी खोली. आवाज झाला, तापमान वाढलं किंवा जमिनीला काही टेकलं की भोंगा वाजणार. टॉम क्रूझ छतातून दोरीला लोंबकळतोय, घामाचा थेंब हातमोज्यावर झेलतोय. तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पण त्या खोलीत बसून काम करणारा एक साधा माणूस होता, चष्मेवाला. तोच हा डनलो. ईथनची माणसं त्याच्या कॉफीत औषध टाकतात, तो उलट्या करत सारखा बाहेर पळतो आणि तेवढ्यात गुप्तहेरांच्या नावांची यादी चोरीला जाते. परत येऊन बघतो तर टेबलात सुरा रुतलेला. पुढे वरचे अधिकारी किट्रिज साहेब त्याची बदली अलास्कात, रडारच्या मनोऱ्यावर करून टाकतात. कपडे मागाहून टपालानं पाठवा म्हणे. तेव्हा सगळं टॉकीज हसलं होतं. मीही हसलो होतो.

29 वर्षांनी आठव्या भागात तो माणूस परत येतो. तोच नट, रोल्फ सॅक्सन, आता म्हातारा. तिकडेच बर्फात राहिलाय, तिथल्याच बाईशी लग्न केलंय. बुडालेल्या पाणबुडीचा ठावठिकाणा त्याला तोंडपाठ आहे, आणि जगाचं भवितव्य त्या आकड्यांवर येऊन थांबतं.

आता माझी भानगड. मी राज्य सरकारच्या एका खात्यात 34 वर्षं बाबू होतो. खातं कुठलं ते सोडा. 1998 मध्ये माझ्या कपाटातली एक फाइल गायब झाली. मी चहाला खाली गेलो होतो, बारा मिनिटं. कुणी नेली ते सगळ्या मजल्याला माहीत होतं. बदली माझी झाली, आलीराजपूरला. तेव्हा ते झाबुआ जिल्ह्यातच होतं. ऑर्डर हातात पडल्यावर सेक्शनमध्ये जे हसले ना, ते हसू मला परवा थेटरात पुन्हा ऐकू आलं. आणि मजा बघा, 1996 मध्ये हसणाऱ्यांत मी होतो, दोन वर्षांत माझा नंबर लागला.

आणि एक, त्याची बदली करणारा किट्रिज वर वर चढत गेला. सातव्या भागात तर तो सीआयएचा डायरेक्टर. हे अगदी आपल्या ऑफिसातल्यासारखं, पटकथाकारानं कुठेतरी नोकरी केलेली असणार.

तर विचारायचं असं: हा डनलो तुम्हालाही भिडला, की मी बाबू म्हणून मलाच? आणि एवढ्या उशिरा आलेल्या भागानं जुनी फाइल अशी उघडावी का?

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

काका, एकच फाइल उघडली असती तर मीही टाळ्या दिल्या असत्या. यांनी अख्खं कपाटच जमिनीवर ओतलंय.

2006 च्या तिसऱ्या भागात 'रॅबिट्स फूट' नावाची वस्तू होती. ती नक्की काय हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, गंमत त्यातच होती. आता म्हणे या एआय राक्षसाचं बीज तेच. कुणी विचारलं होतं? दुसरं, ब्रिग्ज. सातव्या भागात ईथनच्या मागावर असलेला तो साधा चिडका अधिकारी बरा होता. आठव्यात कळतं की तो जिम फेल्प्सचा मुलगा. कळल्यावर पुढे काय होतं? काही नाही! शेवटी हात मिळवतो आणि जातो.

फेल्प्सचं नाव निघालंच आहे तर सांगतो. 1966 साली अमेरिकेत सुरू झालेल्या मूळ मालिकेत फेल्प्स हा पथकाचा प्रमुख, सज्जन माणूस. 1996 च्या सिनेमानं त्यालाच गद्दार केलं. जुन्या चाहत्यांना केवढा धक्का बसला असेल! म्हणजे ज्या मालिकेवर उभे राहिले तिच्याच नायकाला खड्ड्यात घालून ही गाडी निघाली, आणि 29 वर्षांनी मात्र एका कारकुनाची माफी मागताहेत. फेल्प्सची कोण मागणार?

बाकी किट्रिजचं निरीक्षण शंभर टक्के. आमच्या महाराज बाड्यावर उभं राहून ओरडलो तर असे चार किट्रिज वळून बघतील.

---

रावपुऱ्याची रेवा (बडोदा)

लष्करवाले, फेल्प्सचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी डनलोला का झोडपता?

उशिरा आलेला भाग जुन्या माणसांशी कसा वागतो त्यावरून मी तो आवडला की नाही ठरवते. 2019 चा 'टर्मिनेटर: डार्क फेट' आठवा. 1991 च्या सिनेमात ज्या पोरासाठी आपण अडीच तास जीव मुठीत धरून बसलो, त्या जॉन कॉनरला यांनी सुरुवातीच्या काही मिनिटांतच मारून टाकलं. लिंडा हॅमिल्टन परत आली म्हणून मी हौसेनं गेले होते. पहिल्या दहा मिनिटांतच मन उडालं, पुढे काय पाहिलं ते आठवतही नाही.

इथे उलट आहे. डनलोला नुसता हार घालून खुर्चीत बसवलेला नाही, त्याला काम दिलंय. शेवटी बॉम्बपाशी तो आणि त्याची बायको तापीसा असतात. ती भूमिका लूसी तुलुगारजुक या इनुइट अभिनेत्रीनं केली आहे, उगाच कुणाला तरी फरचा कोट चढवून उभं केलेलं नाही. तिला आणखी चार प्रसंग हवे होते, ही माझी तक्रार.

आणि ईथनचा जुना साथीदार लूथर! आठही भागांत असलेला क्रूझशिवाय एकमेव माणूस. चौथ्यात शेवटी जेमतेम दोन मिनिटं दिसतो, पण दिसतो. तो त्या भुयारात बॉम्बशेजारी एकटा मागे थांबतो तेव्हा माझ्या शेजारची कॉलेजातली पोरगी हुंदके देत होती. मीही, पण माझ्याकडे सर्दीचं निमित्त होतं.

काका, आलीराजपूरचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत.

---

विजयनगर_बुलेट (इंदूर)

भिया, तुम्ही सगळे फाइल-फाइल करताय, विमान विसरलात का?

साठी ओलांडलेला माणूस दोन पंखांच्या उघड्या विमानाच्या पंखावर खरोखर लटकलाय. वाऱ्यानं गालाची कातडी फडफडतेय. पॅराशूट पेटवून उड्या मारल्या त्या एकदोन नाहीत, 16, आणि त्याचा गिनीज विक्रम झालाय. सहाव्या भागाच्या वेळी लंडनमध्ये इमारतीवरून उडी मारताना घोटा मोडला होता, तो शॉट तसाच सिनेमात आहे, लंगडत पुढे पळतो.

माझ्या मते सगळ्यात भारी ती पाणबुडी. जवळपास एक शब्द नाही. आत पाणी, पाणबुडी गडगडतेय, टॉर्पेडो अंगावर येताहेत. आमच्या रांगेत पॉपकॉर्न खायचा आवाज बंद झाला होता, आणि इंदूरमध्ये खायचा आवाज बंद होणं म्हणजे विचार करा. शेवटी सूट टाकून नुसत्या चड्डीवर बर्फाखालच्या पाण्यात निघतो तेव्हा मात्र मित्र म्हणाला, "याला कुणी शाल द्या रे."

पहिला तास कापला असता तर दहापैकी नऊ. आता सात.

---

नुसता_वाचक

हिंदी डब पाहिला. डनलो कोण ते कळलंच नाही, पहिला भाग आला तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. तरी तो माणूस आवडला. म्हणजे 1996 पाहिलंच पाहिजे असं नाही बहुतेक.

---

सुदामानगरी (इंदूर)

@नुसता_वाचक, तुमचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडलं. मला तीच शंका होती.

@बुलेट, विमान मस्तच. पण तिथे मला भीती वाटली ती टॉम क्रूझची, ईथनची नाही. पडला तर विमा कंपनीचं काय, असले विचार मनात येत होते. पाणबुडीत तसं झालं नाही, तिथे मी ईथनबरोबर श्वास रोखला होता. एवढाच फरक.

@लष्करवाले, फेल्प्सबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ब्रिग्जचं तर मीच लिहायला हवं होतं, ते नुसतं ठिगळ आहे.

रेवाताई, आलीराजपूर. गंगवाल बस स्टँडवरून धारमार्गे जायचो. पहिलं वर्ष दर शनिवारी इंदूरला पळून यायचो, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीत बसताना ढसाढसा रडावंसं वाटायचं. बायको म्हणायची, वकील करा. दुसऱ्या वर्षी ती आणि मुलगी तिकडेच आल्या. मुलगी भगोरियाच्या जत्रेत हरवली होती, तासाभरानं एका भिल्ल आजीच्या मांडीवर दाल-पानिया खाताना सापडली. पळसाच्या पानांत भाजलेल्या मक्याच्या पानियांची चव तिच्या तोंडी अशी बसली की इंदूरला परतल्यावर साध्या पोळीला नाक मुरडायची. सहा वर्षं राहिलो. शेवटची दोन तर बदली होऊ नये म्हणून अर्ज करत होतो, हे सेक्शनमध्ये कुणालाच खरं वाटलं नाही.

म्हणून डनलो ईथनला म्हणतो ना की तिकडे पाठवलंत ते बरंच झालं, तापीसा भेटली, तिथे जावई कुजबुजले, "फार फिल्मी आहे." मी गप्प बसलो. मला त्यात खटकलं ते वेगळं. डनलो फार लवकर विरघळतो. पहिल्या वर्षाची सोमवारची गाडी त्यात कुठेच नाही. तो सुरा त्यानं एवढी वर्षं जपून ठेवला होता म्हणजे राग कुठेतरी शिल्लक असणारच. एक कडवट वाक्य हवं होतं त्याच्या तोंडी, एकच.

फाइल नेणारा दोन वर्षांपूर्वी सराफ्यात भेटला, भुट्ट्याच्या कीसच्या गाडीवर. "कसं काय, बढिया?" म्हणाला. मीही बढिया म्हणालो.

काल रात्री घरी पहिला भाग लावला, खास सौभाग्यवतींसाठी. त्यांना मारामारी आवडत नाही, भाजी निवडत बसल्या होत्या. ती बाई कॉफीत थेंब टाकते तिथे हातातली मेथी तशीच राहिली आणि टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "अहो, पिऊ नका तो कप."