मदत हवी आहे: मालिकेतलं पुढचं आधीच कळू नये म्हणून काय करावं?

मंडळी, खानापूरकडे आमच्या घरी आई, काकू आणि शेजारणी रात्री जेवणं उरकून एकत्र मालिका बघतात. ॲपवर पैसे भरणाऱ्यांना तोच भाग टीव्हीच्या आधी मिळतो आणि फॅन पेजवाले शेवटच्या प्रसंगाचं रील दुपारीच टाकतात. काकूंना ते दिसलं की रात्रीची मजाच जाते. पेजं अनफॉलो केली, फेसबुकवर ३० दिवसांचं स्नूझ (तेवढे दिवस त्या पेजच्या पोस्ट दिसत नाहीत) लावलं. नवी पेजं येतातच. मराठी-कन्नड दोन्हींत. चाहत्यांचा ग्रुप मात्र सोडायचा नाही, तिथे पात्रांवर फार छान चर्चा होते, काकू त्यासाठीच फोन उघडतात. ॲप घेणं नको, एकत्र बघणंच हवंय. फोन अँड्रॉइड. ग्रुप ठेवून फक्त त्या मालिकेची रील्स इन्स्टाग्राम-फेसबुकवर कशी लपवायची?