१ युरोच्या घरांनी गाव सावरतं का?

प्रश्न: इटलीत सांबुका, मुसोमेली वगैरे गावांनी पडीक घरं १ युरोपासून विकायला काढली ना, पण त्याने गावाला खरंच काही मिळतं की नुसती प्रसिद्धी?

भटक्या: १ युरो नावालाच हो, ठराविक मुदतीत डागडुजी करायची अट असते, खरा पैसा तिथल्या गवंडी-सुतारांना मिळतो आणि तोच फायदा.

दगडीवाडा: मला इटलीतलंच सांतो स्तेफानो दि सेस्सानिओ हे गाव जास्त पटतं. पडक्या घरांच्याच हॉटेलच्या खोल्या केल्यात, गावभर विखुरलेल्या, नवीन बिल्डिंग नाही काही नाही.

पुस्तककिडा: अरे वेल्सचं ‘हे-ऑन-वाय’ गाव विसरलात! जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर नाव झालं, १९८८ पासून साहित्य महोत्सव पण. फक्त इटलीतल्या चिविता दि बान्योरेज्जो गावासारखं नको, २०१३ पासून आत जायला तिकीट अन् कायम राहणारे मोजकेच.