मदत हवी: पुराच्या पाण्यात बंद पडलेली कार, इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर) नाही, क्लेम निकाली कसा काढायचा?

नवखा_ओडी (लातूर):
मी विमा कंपनीत ओडी (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे) क्लेम बघतो, नवीन आहे. औसा तालुक्यात नळकांडी पुलावर पेट्रोल कार पाण्यात बंद पडली. १,१९७ सीसी, वय ४ वर्षे २ महिने, आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ४,२०,०००. साधी पॅकेज पॉलिसी, झीरो डेप (पार्टच्या जुनेपणाची कपात, म्हणजे घसारा, न लावणारं जादा कव्हर) नाही, इंजिन प्रोटेक्ट नाही. ओंडका लागून बोनेट आणि पुढचा बंपर गेला. गॅरेजने नव्या इंजिन असेंब्लीसकट ३,६०,००० चं एस्टिमेट दिलंय. वरिष्ठ म्हणतात, इंजिन सरळ नाकार. गाडी टोटल लॉसमध्ये (दुरुस्तीऐवजी पूर्ण नुकसान धरणं) जाते का? सर्वेअर (नुकसान तपासून मोजणारे) उद्या येणार आहेत, त्यांच्याकडून काय टिपून घेऊ?

गोदाकाठ (नांदेड):
सरसकट नाकारू नका. पूर हा पॉलिसीत धरलेलाच धोका आहे. इंजिनात पाणी शिरणं आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकणं, या दोन गोष्टींचा खर्च वेगळा काढायला सर्वेअरना सांगा. फ्लशिंग, ऑइल, फिल्टर, गॅस्केट हे पहिल्यात बसतं. वाद होतो तो दुसऱ्यावर.

आत्ताच गॅरेजला फोन लावा: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सेल्फ मारू नका, गाडी धुऊ नका. चिखलाची रेघ हाच पुरावा. उद्या टेप लावून त्या रेघेचे फोटो आतून-बाहेरून घ्या. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. तो आतून कोरडा असेल तर हवेच्या वाटेने पाणी गेल्याचं म्हणणं टिकत नाही. डिपस्टिकवर दुधी रंगाचं ऑइल दिसलं तर पाणी मिसळलंय.

त्यानंतर चारही स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. मोकळं फिरलं म्हणून लगेच खूश होऊ नका, थोडा वाकलेला रॉडही फिरतो. प्रत्येक पिस्टन वर किती येतो ते मोजा. एखादा कमी आला तर त्याचा रॉड वाकलाय. पाणी हवेसारखं दबत नाही, म्हणून वर येणारा पिस्टन अडतो आणि रॉड मार खातो.

हिशोबी_माणूस (संभाजीनगर):
टोटल लॉसचं बघा. आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे ३,१५,००० च्या वर खर्च गेला तर. पण तो खर्च पॉलिसीच्या अटी लावून निघालेला, गॅरेजने छापलेला नव्हे. आधी नवीन असेंब्लीची गरज तपासा. बऱ्याचदा रॉड, पिस्टन, बेअरिंगवर काम भागतं.

बाहेरच्या कामाचा नमुना देतो, आकडे तुमच्या बिलाचे घाला. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूवर ३५ टक्के घसारा: बोनेट २०,००० चे १३,०००. प्लॅस्टिकवर ५०: बंपर ८,००० चे ४,०००. काचेवर शून्य. पेंटचं एकत्रित बिल १२,००० असेल तर त्यातले २५ टक्के, म्हणजे ३,०००, मटेरियल धरा आणि त्यावर निम्मा घसारा, हाती १०,५००. लेबर ६,००० पूर्ण. बेरीज ३३,५००. १,५०० सीसीपर्यंत सक्तीची वजावट (मालकाने स्वतः सोसायची रक्कम) १,००० गेली, राहिले ३२,५००. सॅल्वेज (काढलेल्या जुन्या पार्टची किंमत) यातून वजा. पेंटच्या पूर्ण बिलावर ५० टक्के कापणारे लई भेटतात, ती चूक नको.

नवखा_ओडी (लातूर):
धन्यवाद सर. मालक म्हणतात, गाडी चालू असतानाच पाणी शिरलं, नंतर सेल्फ मारलाच नाही. गॅरेजवाला काहीच सांगत नाही.

गोदाकाठ (नांदेड):
मग मालकांचा लेखी जबाब घ्या: पाणी किती होतं, गाडी कशी थांबली, ओढून कुणी आणली. टोइंगची पावती आणि गॅरेजच्या जॉब कार्डावरची वेळ जोडा. बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारल्याचं निघालं तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर, अटीतच आहे. चालू असताना शिरलं असेल तर नुकसान थेट पुराचं की परिणामी (त्यातून पुढे ओढवलेलं), यावर ग्राहक आयोगात भांडणं होतात. तिथे तुमची पिस्टनची मापं आणि फोटोच कामाला येतात.

नाकारायचं झालं तर पत्रात नेमका पार्ट, नेमकी अट आणि सर्वेअरचं कारण लिहा. मान्य झालेली बाहेरच्या कामाची रक्कम त्यासाठी अडकवू नका. आणि पत्राच्या शेवटी पुण्याच्या विमा लोकपालांचा पत्ता टाका, आपले जिल्हे तिकडेच येतात.