कार्यालयातील चार ॲनालॉग टीव्ही फीड नोंदवण्यासाठी कोणता रेकॉर्डर घ्यावा?

प्रश्न (परभणी)

नमस्कार. आमच्या कार्यालयात वृत्तवाहिन्यांवर लक्ष ठेवण्याचे काम चालते. चार सेट-टॉप बॉक्सच्या एव्ही आउटपुटमधून, म्हणजे पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांमधून, येणारा सिग्नल सकाळी ६ ते रात्री १२ नोंदवून ९० दिवस जपायचा असतो. जुना डीव्हीडी रेकॉर्डर बंद पडल्यामुळे गेल्या महिन्यात एका दुकानदाराच्या सांगण्यावरून सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीचा चार चॅनलचा डीव्हीआर (चित्र हार्ड डिस्कवर नोंदवणारे यंत्र) आणला. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची एक बातमी वरिष्ठांना दाखवायची वेळ आली, तेव्हा खालच्या पट्टीतील ‘पंचनामे’ हा शब्द ‘पचनामे’ असा दिसत होता आणि आवाज चारपैकी एकाच वाहिनीचा नोंदला गेला होता. शिवाय चित्रावर एक फिकट आडवा पट्टा सावकाश वर सरकत राहतो. हा डीव्हीआर परत करून संगणकात कॅप्चर कार्डे (टीव्हीचा सिग्नल संगणकात नोंदवू देणारी कार्डे) बसवावीत, की दुसरा डीव्हीआर घ्यावा?

उत्तर १ (नांदेड)

परत करण्याआधी सेटिंग पाहावे, ही विनंती. आपल्याकडील ‘पाल’ या ॲनालॉग टीव्ही पद्धतीत चित्रामागे ६२५ आडव्या रेषा असतात. त्यांपैकी ५७६ रेषांत चित्र असते आणि सेकंदाला २५ चित्रे येतात. प्रत्येक चित्र विषम व सम रेषांच्या दोन फील्डांत विभागलेले असते. डीव्हीआर ‘सीआयएफ’वर ठेवला असेल तर तो ३५२ × २८८ एवढेच नोंदवतो, म्हणजे निम्म्या रेषा जातात. रोमन अक्षरे त्यात कशीबशी तग धरतात, पण देवनागरीचा अनुस्वार हा एक-दोन रेषांचा ठिपका असल्यामुळे तो आधी नाहीसा होतो. ‘डी१’ म्हणजे ७०४ × ५७६ निवडा आणि फ्रेमचा वेग २५ ठेवा. ‘९६० एच’ असे लिहिलेले यंत्र महाग मिळत असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण त्यात आडवे बिंदू वाढतात, रेषा ५७६च राहतात.

साठवणुकीचा हिशेब असा : प्रत्येक वाहिनीला २ मेगाबिट प्रतिसेकंद दिले तर तासाला ०.९ जीबी लागते. चार वाहिन्या, १८ तास आणि ९० दिवस धरल्यास सुमारे ५.८ टीबी होतात. ८ टीबीची, अखंड नोंदणीसाठी बनवलेली हार्ड डिस्क घ्यावी, मात्र आपला डीव्हीआर एवढी मोठी डिस्क ओळखतो का, हे आधी त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

आवाजाचा प्रश्न सेटिंगने सुटणार नाही. मागच्या बाजूला ऑडिओची एकच पिन असेल, तर यंत्र बदलावेच लागेल.

उत्तर २ (लातूर)

सरकणारा पट्टा हा बहुधा अर्थिंगचा दोष आहे. सेट-टॉप बॉक्स एका बोर्डावर आणि डीव्हीआर दुसऱ्यावर असेल, तर दोन्हींच्या अर्थिंगमधील फरकामुळे केबलच्या बाहेरच्या धातूच्या आवरणातून विजेचा ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि चित्राच्या सेकंदाला ५० फील्डांशी जवळजवळ जुळून तो पट्टा होऊन हळूहळू सरकतो. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर, एकाच यूपीएसवर घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकल्याला किती दिवस झाले, तेही विचारा. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते आणि कोरड्या खड्ड्याचा रोध वाढतो. आमच्याकडे मे महिन्यात दर आठवड्याला दोन घागरी पाणी ओततात, तेवढ्याने फरक पडतो.

एकाच पिवळ्या तारेला वाय-जोड (एकाचे दोन फाटे करणारा जोड) लावून टीव्ही आणि डीव्हीआर दोन्ही चालवत असाल तर तेही थांबवा. ७५ ओहमचे दोन भार एकदम पडल्याने १ व्होल्टचा सिग्नल दोन-तृतीयांशावर येतो आणि चित्र काळवंडते. टीव्ही एचडीएमआयवर घ्यावा आणि एव्ही आउटपुट फक्त नोंदणीसाठी ठेवावे.

उत्तर ३ (अंबाजोगाई)

मी कॅप्चर कार्डांचा मार्ग दोन वर्षे वापरला. चित्र आणि आवाज डीव्हीआरपेक्षा सरस मिळतात, कारण कॅमेऱ्यांचे बरेच डीव्हीआर आवाज ८ किलोहर्ट्झवर, म्हणजे टेलिफोनच्या दर्जाने, नोंदवतात. परंतु चार कार्डे एका संगणकावर अठरा तास चालवणे हे रोजचे राखणदारीचे काम आहे. अपडेट येऊन संगणक आपोआप बंद-चालू झाला आणि आमच्या एका संपूर्ण सकाळची नोंद राहून गेली. म्हणून माझा सल्ला असा, की अखंड नोंदणीसाठी चार ऑडिओ इनपुट असलेला डीव्हीआर घ्यावा आणि महत्त्वाच्या एका वाहिनीसाठी एक कॅप्चर कार्ड वेगळे ठेवावे. खरेदीपूर्वी दुकानातच पाच मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर काढून ती साध्या प्लेअरमध्ये आवाजासह चालते का, हे पाहा. घड्याळही इंटरनेटवरून जुळणारे हवे, नाहीतर बातमी नेमकी किती वाजता लागली, हे सांगताना अडचण होते.

प्रश्नकर्ता (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. डीव्हीआर खरोखरच सीआयएफवर होता. डी१ केल्यावर आज ‘पंचनामे’ अनुस्वारासह वाचता आले. सर्व यंत्रे एका बोर्डावर घेऊन खड्ड्यात पाणी टाकल्यावर पट्टाही गेला. मागे ऑडिओची पिन मात्र एकच आहे, त्यामुळे दुकानदाराशी बदलून घेण्याविषयी बोलणे सुरू केले असून सोमवारी पेनड्राइव्ह घेऊनच जाणार आहे.