ग्रेगर टाउनसेंड: खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून आपण पाहिलेले

दक्षिण स्कॉटलंडमधील गॅलाशिल्स या गिरण्यांच्या गावात वाढलेले ग्रेगर टाउनसेंड स्कॉटलंडकडून रग्बीचे ८२ सामने खेळले आणि जून २०१७ मध्ये त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. जोखीम घेणारा फ्लाय-हाफ (संघाची चढाई आखणारा खेळाडू) प्रशिक्षक झाल्यावर ती जोखीम इतरांना कशी घेऊ देतो, हे ज्यांनी पाहिले त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. आलेले अनुभव खाली गावाच्या नावासह दिले आहेत.

एडिनबरा
फेब्रुवारी १९९५ मध्ये मी येथे नवीन होतो आणि रग्बीतले मला काहीही कळत नव्हते. रुग्णालयातील डॉक्टरांच्या खोलीत पॅरिसचा सामना लावला होता. शेवटच्या काही मिनिटांत फ्रान्स ५ गुणांनी पुढे असताना टाउनसेंड यांनी बचावपटूंच्या गराड्यातून चेंडू अलगद आतल्या बाजूला सोडला आणि कर्णधार गॅव्हिन हेस्टिंग्ज यांनी तो झेलून थेट गोलखांबांखाली ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले. स्कॉटलंड २३–२१ ने जिंकला. पॅरिसमध्ये १९६९ नंतर प्रथमच हे घडले होते, आणि माझ्या शेजारचे ज्येष्ठ सहकारी बराच वेळ बोलू शकले नाहीत. पुढे १९९९ च्या फाइव्ह नेशन्स या पाच देशांच्या वार्षिक स्पर्धेत टाउनसेंड यांनी चारही प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ट्राय केले आणि स्कॉटलंडने विजेतेपद मिळवले.

ग्लासगो
मी विद्यार्थी असताना टाउनसेंड येथील ग्लासगो वॉरियर्स या क्लबचे प्रशिक्षक होते. क्लबच्या स्कॉट्सटन मैदानावरच्या थंडीत उभे राहून पाहिलेला तो वेगवान, हाती चेंडू ठेवणारा खेळ मला आजही आठवतो. मे २०१५ मध्ये बेलफास्टला आयर्लंडच्या मन्स्टर संघाचा ३१–१३ असा पराभव करून संघाने प्रो-१२ ही क्लब संघांची स्पर्धा जिंकली.

लंडन
१६ मार्च २०१९ रोजी मी इंग्लंडचे मैदान असलेल्या ट्विकनहॅमला होतो. अर्ध्या तासातच इंग्लंड ३१–० ने पुढे गेला, तेव्हा मुलाला घेऊन लवकर निघावे असे मनात आले होते. पण स्कॉटलंडने बचावात न जाता चेंडू हातोहात फिरवणे चालूच ठेवले, स्कॉटलंडचे फ्लाय-हाफ फिन रसेल यांनी इंग्लंडचा पास मधल्या मध्ये पकडून ट्राय केला आणि संघ ३८–३१ असा पुढे गेला. अखेरीस सामना ३८–३८ असा बरोबरीत सुटला. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या ज्या कलकत्ता कपसाठी हे सारे चालते, तो कलकत्त्यातील रग्बी क्लब बंद करताना उरलेल्या चांदीच्या रुपयांतून घडवला गेला, हे मुलाला मी त्याच दिवशी सांगितले. पुढच्या वर्षी टाउनसेंड आणि रसेल यांच्यात जाहीर दुरावा आला. माझ्या मते त्यांच्या प्रशिक्षकपदाची खरी परीक्षा तीच होती, कारण रसेल यांचा खेळ त्यांच्या स्वतःच्या खेळाच्या सर्वांत जवळचा होता. रसेल परतले, आणि २०२१ मध्ये १९८३ नंतर प्रथमच स्कॉटलंड ट्विकनहॅमला जिंकला.

योकोहामा
२०१९ च्या विश्वचषकात, चक्रीवादळाच्या दुसऱ्याच दिवशी, जपानने स्कॉटलंडला २८–२१ ने हरवून गटातच बाद केले. भोवती सारे जपानी आनंदात होते. मी मात्र निळी जर्सी घालून शेवटपर्यंत बसून राहिलो.